चकतीवरचं अर्धं वाद्य

प्रस्तावना

एन्सोनिक कंपनीचा मिराज हा कीबोर्ड चालू केला की लगेच वाजत नाही. १९८४-८५च्या सुमारास अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातून बाहेर पडलेलं हे यंत्र बटण दाबल्यावर आधी साडेतीन इंची फ्लॉपी मागतं. पियानो, व्हायोलिन, ड्रम हे आवाज त्याच्या पोटात नसतातच. पण कुठली पट्टी दाबली गेली, किती जोरात दाबली गेली आणि त्यावर आपण काय करायचं, हे सांगणारी मूळ कार्यप्रणालीसुद्धा त्याच्याजवळ नसते. तीही फ्लॉपीवरूनच वाचावी लागते. फ्लॉपी हरवली, भिजली किंवा तिला बुरशी लागली की पाच सप्तकांचा तो कीबोर्ड म्हणजे नुसतं अडगळीतलं धूड.

जुन्या सॅम्पलरविषयी इंग्रजीत भरपूर लिहिलं गेलं आहे. कुठल्या यंत्रात कुठली चिप आणि कुठल्या गाण्यात कुठलं यंत्र, याच्या याद्या संपता संपत नाहीत. त्या यंत्रांत घालायच्या डिस्ककडे मात्र लोक नुसती साठवणीची जागा म्हणून बघतात. आतला आवाज बाहेर काढला, संगणकावर ठेवला, की झालं काम. ही समजूत खोडून काढणं हा या पुस्तकाचा मुख्य हेतू आहे. सॅम्पल डिस्क हे ध्वनिमुद्रण नव्हे. ते अर्धं वाद्य आहे, उरलेलं अर्धं यंत्रात आहे, आणि एकावाचून दुसरं अपुरं आहे. हे पटण्यासाठी थोडं गणित करावं लागेल. ते सोपं आहे, घाबरू नये.

सॅम्पलर काय करतो? माइकमधून येणारा आवाज तो सेकंदाला हजारो वेळा मोजतो, प्रत्येक मोजमापाचा आकडा स्मृतीत ठेवतो, आणि पट्टी दाबली की ते आकडे ओळीने वाचून पुन्हा आवाज करतो. वाचनाचा वेग दुप्पट केला की सूर एक सप्तक वर चढतो, लांबी मात्र निम्मी होते. मोजपट्टी किती बारीक हा दुसरा मुद्दा. ८ बिटच्या यंत्राला आवाजाच्या फक्त २५६ पायऱ्या ठाऊक असतात, १२ बिटच्या यंत्राला ४,०९६, आणि सीडीच्या दर्जाच्या १६ बिटला ६५,५३६. मिराज ८ बिटचा. त्याची आवाजासाठीची एकूण स्मृती १२८ किलोबाइट. मोबाइलवर काढलेला साधा फोटोही आज याच्या कितीतरी पट मोठा असतो. सेकंदाला ३०,००० मोजमापं धरली, तर एवढ्या जागेत चार सेकंदांच्या आसपास आवाज मावतो. त्यातही ही स्मृती दोन भागांत वाटलेली, एक भाग डाव्या हाताच्या पट्ट्यांना आणि एक उजव्या हाताच्या. म्हणजे उजव्या हाताला मिळालेला अख्खा पियानो दोन सेकंदांत बसवायचा.

पियानोचा खर्जातला एकच सूर दोन सेकंदांच्या कितीतरी पुढे घुमत राहतो. शिवाय एकच सूर मुद्रित करून सगळ्या पट्ट्यांवर ताणला तर भागत नाही. मंद्र सप्तकातला सूर तार सप्तकात नेला की तो खेळण्यातल्या पियानोसारखा टिणटिणतो, आणि उलट केलं तर गोणपाटात गुंडाळल्यासारखा येतो. म्हणून दर चार-सहा पट्ट्यांसाठी वेगळं मुद्रण हवं, आणि प्रत्येक मुद्रणाच्या वाट्याला सेकंदाचा तुकडाच यायचा. यावर तोडगा म्हणजे लूप. सुराचा सुरुवातीचा ठोका जसाच्या तसा ठेवायचा, पुढच्या स्थिरावलेल्या भागातला छोटासा तुकडा निवडायचा आणि पट्टी दाबलेली असेपर्यंत तोच पुनःपुन्हा वाजवायचा. सांगायला हे एका वाक्यात होतं, पण करणाऱ्याच्या नाकी नऊ येत. तुकड्याचं शेवटचं टोक आणि पहिलं टोक जुळलं नाही तर प्रत्येक फेरीला ‘टक्’ असं ऐकू येतं. तुकडा फार आखूड झाला तर व्हायोलिनचा ऑर्गन होतो, लांब ठेवला तर जागा पुरत नाही, आणि त्यात कंप पकडला गेला तर सूर डोलायला लागतो. पैठणीला केलेल्या रफूसारखं हे काम आहे, चांगलं झालं तर केलं होतं हे कळतही नाही. मिराजवर हे सगळं दोन आकडी पडद्याकडे बघत, सोळाच्या पायावर लिहिलेल्या संख्या वापरून करावं लागे. ज्यांनी त्या कारखानी डिस्क तयार केल्या, त्या कारागिरांची नावं बहुतेक डिस्कवर सापडत नाहीत. माझ्या मते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या वाद्यकारांत त्यांची गणना व्हायला हवी.

आता जरा मागे जाऊ. आकडे वाचून वाजवणारं पहिलं गाजलेलं यंत्र ऑस्ट्रेलियातलं. सिडनीच्या पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी १९७९मध्ये फेअरलाइट सीएमआय आणलं. आठ इंची फ्लॉपी, हिरव्या अक्षरांचा पडदा, प्रकाशलेखणी, आणि एका आवाजाच्या वाट्याला १६ किलोबाइट, म्हणजे जेमतेम एखादा सेकंद. किंमत अशी की ते पीटर गॅब्रिएल, केट बुश यांच्यासारख्या नामांकित गायकांनाच परवडे. केट बुशच्या १९८०च्या ‘बाबूश्का’ या गाण्यात फुटणाऱ्या काचा ऐकू येतात, त्या याच यंत्रातल्या.

फेअरलाइटच्या डिस्कवर एक फाइल होती, ऑर्क५ नावाची. स्ट्राविन्स्कीच्या ‘फायरबर्ड’ या बॅलेसंगीताच्या ध्वनिमुद्रिकेतून उचललेला एकच घणाघाती सूरसमूह. १९८२मध्ये न्यूयॉर्कच्या आफ्रिका बंबाटाच्या ‘प्लॅनेट रॉक’मध्ये तो वाजला आणि पुढची दहा वर्षं थांबलाच नाही. प्रत्येक कंपनीने आपापल्या कारखानी डिस्कवर त्याची भावंडं जन्माला घातली, आणि ‘ऑर्केस्ट्रा हिट’ हा पियानो-गिटारसारखाच एक वेगळा आवाज होऊन बसला. रॉबर्ट फिंक या अमेरिकन संगीत-अभ्यासकाने या एका फाइलवर सविस्तर निबंध लिहिला आहे, आणि विषयाचा जीव पाहता तो मला मुळीच लांबलेला वाटत नाही. १९१०मध्ये पॅरिसला पहिल्यांदा वाजलेल्या रचनेचा सेकंदभराचा तुकडा, खरबरीत ८ बिटच्या चाळणीतून गाळला जाऊन, न्यूयॉर्कच्या नाचणाऱ्या पोरांपर्यंत पोचला तो फ्लॉपीमुळे. फायरबर्डचा तोच क्षण आज स्वच्छ मुद्रणातून उचलून बघा. तो ऑर्क५ होत नाही. खरबरीतपणा हा त्या आवाजाचा निम्मा ऐवज आहे.

कॅलिफोर्नियातल्या ई-म्यू कंपनीने १९८१मध्ये फेअरलाइटपेक्षा बरंच स्वस्त असं इम्युलेटर काढलं. त्यातलं पहिलं यंत्र स्टीव्ही वंडरकडे गेलं. १९८४च्या इम्युलेटर टू बरोबर आलेल्या डिस्कवर शाकुहाची या जपानी बासरीचा एक फुंकारलेला सूर होता. पीटर गॅब्रिएलच्या १९८६च्या ‘स्लेजहॅमर’ची सुरुवात त्या सुराने होते. ज्याने तो सूर फुंकला त्याला तेव्हा कल्पनाही नसेल की आपला एक श्वास जगभरच्या रेडिओवर वाजणार आहे. पुढे मिराजने किंमत दोन हजार डॉलरच्या आत आणली आणि गल्लीतल्या बँडच्या हातात सॅम्पलर आला. मिराजमधली आवाजाची चिप बॉब यानेस यांची. कमोडोर ६४ या घरगुती संगणकातली प्रसिद्ध सिड चिपही त्यांचीच, आणि मिराजमधली तीच चिप पुढे ॲपल टू जीएसमध्येही बसली. जपानच्या अकाईने १९८६मध्ये एस९०० काढला. १२ बिट, ७५० किलोबाइट स्मृती, पूर्ण दर्जात सुमारे १२ सेकंद. त्याचा आराखडा डेव्हिड कॉकरेल या ब्रिटिश अभियंत्याचा. १९८८चा एस१००० हा सीडीच्या दर्जाचा, १६ बिटचा आणि स्टिरिओ. रोलंड, कॅसिओ, यामाहा यांनीही यंत्रं काढली, त्यांची दखल पुढे त्या-त्या ठिकाणी घेतली आहे.

यंत्र बदललं तशी डिस्कही बदलत गेली. आधी फक्त कारखानी फ्लॉपी होत्या आणि वादकांनी एकमेकांना दिलेल्या नकला. मग १९८०च्या दशकाच्या शेवटी साध्या ऑडिओ सीडी आल्या. घरच्या सीडी प्लेअरवर वाजतील अशा, पण गाण्यांऐवजी एकेक ड्रम, एकेक सूर, एकेक लयीचा तुकडा असलेल्या. ती सीडी लावायची, वायर सॅम्पलरला जोडायची, हवा तो आवाज पुन्हा मुद्रित करायचा आणि लूप, पट्ट्या, फिल्टर हे सगळं स्वतः करायचं. ब्रिटनमधल्या झिरो-जीच्या ‘डेटाफाइल’ मालिकेने नव्वदीच्या सुरुवातीला असा धुमाकूळ घातला की त्यातले काही आरोळ्यांचे तुकडे तेव्हाच्या नाचगाण्यांत ओळखीच्या पाहुण्यासारखे वारंवार भेटतात. त्यानंतर सीडी-रॉम. त्यात आवाज कापून, लूप लावून, पट्ट्यांवर मांडून तयार. सॅम्पलरला ड्राइव्ह जोडला की थेट भरता येई. एका उच्च घनतेच्या फ्लॉपीवर सीडीच्या दर्जाचा सोळा-सतरा सेकंद मोनो आवाज राहायचा. सीडी-रॉमवर ६५० मेगाबाइट, म्हणजे साडेचारशेच्या आसपास फ्लॉपींचा माल. या डिस्क महाग होत्या, आणि त्यांच्यामागे स्टुडिओ, वादक, संपादक अशी मोठी फौज असे.

माझ्या दृष्टीने खरी गंमत इथून सुरू होते. एकच आवाज वेगवेगळ्या यंत्रांत भरला तर तो एकसारखा वाजत नाही, आणि याची कारणं मोजून सांगता येतात. एस९०० आणि त्याचा धाकटा भाऊ एस९५० वरचा-खालचा सूर काढताना आकडे वाचण्याचा वेगच बदलतात. एस१००० वेग तोच ठेवतो आणि मधले आकडे गणिताने काढतो. म्हणून एकच ड्रम तीन पट्ट्या खाली आणला की एस९५०मधून तो जाडजूड आणि ठाम येतो, एस१०००मधून गुळगुळीत. ई-म्यूचा एसपी-१२०० हा १९८७चा ड्रम सॅम्पलर तर याहून हट्टी. १२ बिट, सेकंदाला सुमारे २६,००० मोजमापं, आणि एकूण फक्त दहा सेकंद. जागा वाचवण्यासाठी न्यूयॉर्कचे हिपहॉपवाले ३३च्या वेगाची ध्वनिमुद्रिका ४५च्या वेगाने वाजवून मुद्रित करत आणि यंत्रात पुन्हा खाली उतरवत. उतरवताना यंत्राचं ओबडधोबड गणित आवाजात नवे, मुळात नसलेले स्वर मिसळतं. कागदावर हा दोष आहे. त्या काळच्या हिपहॉपमधून हा दोष काढून टाकला तर हाती फार थोडं उरेल. इम्युलेटर टू आणि मिराज या दोघांतही आवाज आकड्यांतून बाहेर पडल्यावर खऱ्याखुऱ्या ॲनालॉग फिल्टरमधून जातो. डिस्क तयार करणाऱ्याने ८ बिटची खरखर कुठे झाकायची आणि किती झाकायची हे त्या फिल्टरच्या भरवशावर ठरवलेलं असतं.

म्हणून डिस्कवर दोन गोष्टी असतात. एक, आकड्यांच्या रूपातला आवाज. दुसरी, त्या आवाजाचं काय करायचं याच्या सूचना. कुठला तुकडा कुठल्या पट्टीपासून कुठल्या पट्टीपर्यंत, हळू दाबलं तर काय आणि जोरात दाबलं तर काय, फिल्टर किती उघडा, सूर कसा उठावा आणि बोट उचलल्यावर कसा विरावा. या सूचनांचा अकाईच्या बोलीतला शब्द ‘प्रोग्रॅम’. डिस्कवरून डब्ल्यूएव्ही फाइली काढणारे बहुतेक जण पहिली गोष्ट घेतात आणि दुसरी टाकून देतात. त्यांच्या हाती ‘STRINGS C3’ अशा नावाचा सेकंदभराचा, मध्येच तुटलेला, कोरडा आवाज उरतो आणि ते म्हणतात, जुन्या डिस्क काही खास नव्हत्या बुवा. अकाई, ई-म्यू, रोलंड, कर्झवाइल यांच्या नंतरच्या यंत्रांना एकमेकांच्या डिस्क, विशेषतः अकाईच्या, वाचता येऊ लागल्या. पण तिथेही पट्ट्यांची मांडणी नीट येते आणि फिल्टरचा अंदाज चुकतो. एका कंपनीच्या फिल्टरवरचा ५० आकडा म्हणजे दुसऱ्या कंपनीचा ५० नव्हे. अशा वेळी कानाने जुळवावं लागतं, आणि त्यासाठी मूळ यंत्रावर तो आवाज एकदा तरी ऐकलेला असावा लागतो.

पुस्तकाचा मोठा भाग मूळ यंत्रावर मूळ डिस्क चालवण्याच्या खटपटीला दिला आहे. ही खटपट कंटाळवाणी आहे हे आधीच सांगून टाकतो. पण ती टाळून पुढे जाता येत नाही.

पहिली अडचण फ्लॉपीचीच. सोनीने फ्लॉपीचं उत्पादन २०११मध्ये थांबवलं, त्यामुळे आज ‘नवीन’ म्हणून विकत मिळणारी फ्लॉपी जुन्या साठ्यातली असते. फ्लॉपीवरचा चुंबकीय थर सुटतो, आणि दमट हवेत त्यावर बुरशी चढते. मुंबई-कोकणातल्या चार पावसाळ्यांतून उघड्यावर राहिलेल्या फ्लॉपीची पत्र्याची खिडकी सरकवून आत बघा, करडे ठिपके दिसतील. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर ती वाचली जात नाहीच, वर ड्राइव्हच्या डोक्याला घाण लागते आणि नंतर घातलेली चांगली फ्लॉपीही ओरखडते. एका आजारी फ्लॉपीपायी अख्खा खोका वाया गेल्याची उदाहरणं आहेत. संशयित फ्लॉपी कधीही मूळ यंत्रात पहिल्यांदा घालू नये. आणि ड्राइव्हचं डोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसण्याची सवय लावून घ्यावी.

दुसरी अडचण अशी की या फ्लॉपी दिसतात संगणकाच्या फ्लॉपीसारख्या, पण आतली आखणी निराळी. संगणकाची दुप्पट घनतेची फ्लॉपी प्रत्येक मार्गावर ५१२ बाइटचे नऊ कप्पे पाडते आणि ७२० किलोबाइट साठवते. अकाई त्याच फ्लॉपीवर १,०२४ बाइटचे पाच कप्पे पाडतो आणि ८०० किलोबाइट काढतो. मिराज एकच बाजू वापरतो, पाच मोठे कप्पे आणि एक अर्धा, मिळून ४४० किलोबाइट. बाजारात मिळणाऱ्या यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हला संगणकाच्या ठरलेल्या आखणीपलीकडे काही कळत नाही. त्यात अकाईची फ्लॉपी घातली की ‘फॉरमॅट करू का?’ असा प्रश्न पडद्यावर येतो. याला ‘हो’ म्हणणाऱ्यांनी किती आवाज पुसले असतील याची मोजदाद कोण करणार! नावं वाचतानाही घोळ होतो. एस१०००ला नावाची बाराच अक्षरं चालतात आणि अक्षरांचे क्रमांकही त्याचे स्वतःचे. शून्य क्रमांकाला ‘0’, अकराव्याला ‘A’, असे. सर्वसाधारण संगणकाला ती नावं म्हणजे गिचमीड.

यावर आज चांगले उपाय आहेत. कियर फ्रेझर या ब्रिटिश प्रोग्रॅमरने बनवलेलं ग्रीझविझल हे छोटं सर्किट जुन्या फ्लॉपी ड्राइव्हला जोडलं की ते कप्पे-बिप्पे बघतच नाही. चकतीवरचे चुंबकीय बदल जसे आहेत तसे नोंदवतं, अर्थ नंतर लावता येतो. त्यामुळे अर्धवट खराब फ्लॉपीवरचाही पुष्कळ माल वाचतो. चकतीची ही नोंद, म्हणजे तिची प्रतिमा, यंत्राला परत द्यायची तर गोटेक नावाचा स्वस्त डबा आहे. मूळचा तो भरतकामाची यंत्रं वगैरे जुन्या कारखानी यंत्रांसाठी चीनमध्ये बनवलेला. त्यात फ्रेझरचंच फ्लॅशफ्लॉपी हे सॉफ्टवेअर भरलं की पेन ड्राइव्हवरच्या शेकडो प्रतिमा तो सॅम्पलरला फ्लॉपी म्हणून खुशाल खपवतो. सॅम्पलरला फरक कळत नाही. काही जुन्या मंडळींना ही फसवणूक वाटते, ड्राइव्हची ती खरखर ऐकल्याशिवाय त्यांना वाजवायला बसवत नाही. मला त्यात काही वावगं दिसत नाही. आवाज घडवणारे भाग आहेत त्या जागी आहेत, बदलला तो फक्त दरवाजा.

सीडी-रॉमचं दुखणं वेगळं. कारखान्यात छापलेल्या सीडी अजून चांगल्या चालतात, पण घरी बर्न केलेल्या सीडीचा भरवसा नाही. सॅम्पलरला ड्राइव्ह जोडायचा तो स्कझी या जुन्या जोडणीने. तिचे नियम थोडे आहेत पण कडक आहेत. साखळीत एकूण आठ क्रमांक, सॅम्पलर धरून. दोघांना एक क्रमांक दिला की दोघेही मुके. साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारा जोड, हवा, मध्ये कुठेही नको. चालू यंत्राची केबल काढू किंवा घालू नये. आधी ड्राइव्ह चालू करावा, मग सॅम्पलर. आता सीडीऐवजी मेमरी कार्डावर चालणारे ब्लूस्कझी, झूलूस्कझी असे पर्याय निघाले आहेत आणि ते उत्तम आहेत. अकाईची सीडी ६० मेगाबाइटपर्यंतच्या भागांत वाटलेली असते, भागांना ए, बी, सी अशी नावं. एस१०००ची स्मृती जास्तीत जास्त ३२ मेगाबाइट. म्हणजे डिस्कवर सागर असला तरी एका वेळी ओंजळभरच घेता येतं. काय घ्यायचं हे आधी ठरवूनच वाजवायला बसावं लागतं, आणि या शिस्तीचा संगीताला फायदाच होतो असं माझं मत आहे. ते मी पुढे एका प्रकरणात भांडून मांडलं आहे, इथे नको.

हक्कांचा प्रश्न टाळून या विषयावर लिहिता येणार नाही. १९९१मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल दिला. त्याने गिल्बर्ट ओ’सलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरला होता. त्यानंतर दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रिकेतून उचलणं जोखमीचं झालं, आणि ‘विकत घ्या, मुक्तपणे वापरा’ असं सांगणाऱ्या सॅम्पल डिस्कचं महत्त्व वाढलं. पण नीट वाचा, तो परवाना आपल्या रचनेत आवाज वापरण्याचा आहे, तेच आवाज सुटे करून पुन्हा वाटण्याचा नाही. डिस्क जुनी झाली, कंपनी बंद पडली, म्हणून हक्क आपोआप संपत नाही. शिवाय डिस्कवाल्यांचे स्वतःचे हातही सगळीकडे स्वच्छ नव्हते. १९६९मध्ये द विन्स्टन्स या बँडच्या ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यात ग्रेगरी कोलमन या ड्रमरने सहा-सात सेकंद एकट्याने वाजवलं. तो तुकडा हजारो गाण्यांत गेला. ब्रिटनमधलं ‘जंगल’ नावाचं नाचसंगीत तर त्यावरच उभं राहिलं, अकाईच्या टाइमस्ट्रेच या सोयीने ताणून, चिरून, धातूसारखा कर्कश करून. पुढे तो सॅम्पल सीडींवरही विकला गेला. कोलमनला त्यातून काहीच मिळालं नाही. २००६मध्ये अटलांटात तो बेघर अवस्थेत वारला. २०१५मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना सुमारे २४,००० पौंड दिले. उशिरा का होईना, पण तो हिशोबाचा एक हप्ता होता.

आशिया, आफ्रिका इथल्या गायक-वादकांच्या आवाजांच्या डिस्कही नव्वदीत खूप खपल्या. स्पेक्ट्रासॉनिक्सच्या ‘हार्ट ऑफ एशिया’चे तर दोन खंड निघाले. अशा डिस्क ऐकताना आपल्या वाचकाला एक जास्तीची गोष्ट ऐकू येईल, जी लंडन-लॉस एंजेलिसच्या निर्मात्याला येत नव्हती. आलापीचा तुकडा कुठल्या रागाचा आहे, तो मध्येच कुठे कापला आहे आणि लूप लावल्यावर त्याचा न्यास कसा बिघडला आहे. मींड लूपमध्ये बसत नाही. तबल्याचा ठेका चार मात्रांत कोंबला की सम हरवते. हे दोष यंत्राचे नसून कापणाऱ्याच्या कानाचे आहेत, आणि म्हणून ते दुरुस्त होऊ शकतात. सुरुवातीचा ठोका आणि कापण्याची टोकं बदलून असे तुकडे पुन्हा कसे मांडता येतील, हे एका वेगळ्या प्रकरणात दाखवलं आहे.

ज्यांना वाटत असेल की हे सगळं परदेशातल्या हौशी श्रीमंतांचं खूळ आहे, त्यांनी एखाद्या बेंजो पार्टीतल्या ऑक्टोपॅडवाल्याशी बोलावं. रोलंडच्या एसपीडी-एसएक्ससारख्या पॅडमध्ये हलगी, संबळ, ढोल यांचे आवाज भरून घेणं, ते पेन ड्राइव्हवरून एकमेकांना देणं, कुणाच्या संबळाचा ‘पॅच’ चांगला यावर वाद घालणं, हे आपल्याकडे रोज चालतं. त्या पॅचमध्येही तेच दोन भाग असतात, आवाज आणि त्याच्या सूचना. संबळाचा आवाज एका यंत्रातून दुसऱ्यात नेल्यावर ‘दम राहिला नाही’ अशी तक्रार करणाऱ्या वादकाला या पुस्तकाचं म्हणणं समजावून सांगावं लागणार नाही. फक्त त्याने एक करावं, आपला पॅच जसा आहे तसा, सूचनांसह, कुठेतरी दुसरीकडेही जपून ठेवावा. पंधरा वर्षांनी ते पॅडही जुनं होणार आहे.

पुस्तकात प्रत्येक यंत्राची पूर्ण माहितीपुस्तिका नाही, ती इंटरनेटवर मिळते. किमतींचा अंदाजही दिलेला नाही, कारण गेल्या काही वर्षांत त्या वाटेल तशा वर गेल्या आहेत आणि त्या मोजायच्या योग्यतेचं प्रत्येक यंत्र आहे असं मला वाटत नाही. एसपी-१२००साठी कर्ज काढू नका. एस९५० किंवा एस२०००-एस३००० घराण्यातलं एखादं यंत्र, एक गोटेक आणि चार-पाच चांगल्या डिस्क एवढ्यावर सुरुवात करणारा माणूस वर्षभर गुंतून राहील. ज्याला यंत्र घेणं शक्यच नाही त्याने संगणकावर काम करावं, पण डिस्कची पूर्ण प्रतिमा घेऊन आणि प्रोग्रॅम वाचणारं साधन वापरून. सुट्या फाइलींवर समाधान मानू नये.

आणि कुणाच्या माळ्यावर, एखाद्या बंद पडलेल्या स्टुडिओच्या कपाटात अशा फ्लॉपींचा खोका असेल, तर तो लगेच उघडून वाजवायला घेऊ नका. आधी पुसली न जाण्याची व्यवस्था करा. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातली सरकपट्टी अशी सरकवा की भोक उघडं दिसेल. सव्वापाच इंचीची कडेची खाच चिकटपट्टीने झाका. आठ इंचीचं मात्र उलटं असतं, तिची खाच उघडी असेल तरच तिच्यावरचा आवाज सुरक्षित राहतो.